ऑटो वॉरबर्ग : शोध खरा, निष्कर्ष अपुरा

कर्करोगाच्या रुग्णाला आजकाल मोठ्या शहरांतील रुग्णालयांत एका विशिष्ट तपासणीसाठी पाठविले जाते. त्याला काही तास उपाशी ठेवतात, शिरेतून किंचित किरणोत्सर्गी केलेल्या साखरेचे इंजेक्शन देतात, सुमारे तासभर स्वस्थ पडून राहावयास सांगतात आणि मग यंत्राच्या साहाय्याने त्याच्या शरीराचे चित्र घेतात. त्या चित्रात मेंदू उजळलेला दिसतो, कारण मेंदू ग्लुकोजवर चालतो. मूत्राशय उजळलेले दिसते, कारण उरलेले द्रव्य तेथून बाहेर पडते. आणि एखाद्या इंद्रियात कर्करोगाची गाठ असेल तर बहुधा तीही आजूबाजूच्या ऊतकांतून ठळकपणे उठून दिसते. ‘पेट स्कॅन’ या नावाने सर्वपरिचित झालेल्या या तपासणीत ग्लुकोजसारखे हे द्रव्य माणसाच्या शरीरात प्रथम वापरले गेले ते १९७६ साली अमेरिकेत. भारतात ही सोय २००२ साली मुंबईत परळ येथे प्रथम उपलब्ध झाली. परंतु ज्या निरीक्षणावर ही तपासणी उभी आहे ते याहून बरेच जुने, म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. बर्लिनच्या डालेम या उपनगरातील एका प्रयोगशाळेत ऑटो वॉरबर्ग नावाच्या संशोधकाने ते केले.

वॉरबर्ग यांचे नाव आज दोन अगदी भिन्न ठिकाणी ऐकू येते. एक, कर्करोगविषयक गंभीर संशोधनात. आणि दुसरे, साखर सोडा, अल्कधर्मी पाणी प्या, रक्तात प्राणवायू वाढवा म्हणजे कर्करोग नाहीसा होईल, असे सांगणाऱ्यांच्या जाहिरातींत. पहिल्या ठिकाणी त्यांच्याविषयी आदर आहे, पण त्यांच्या सिद्धांताला मान्यता नाही. दुसऱ्या ठिकाणी सिद्धांताचा जयघोष आहे, पण त्यामागील प्रयोगांची ओळखही नाही. एकाच माणसाच्या वाट्याला असे दुहेरी उत्तरायुष्य का आले, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्रच पाहावयास हवे.

विद्वत्तेच्या घरात

ऑटो हाइनरिख वॉरबर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी दक्षिण जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल वॉरबर्ग हे त्या काळचे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचे घराणे मूळचे ज्यू, परंतु घरचे वळण ख्रिस्ती होते. आई प्रॉटेस्टंट घराण्यातील. १८९५ साली एमिल वॉरबर्ग बर्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले आणि मुलाचे शिक्षण जर्मन विज्ञानाच्या ऐन भरभराटीच्या वातावरणात झाले. एमिल फिशर, नर्न्स्ट, पुढे आइन्स्टाइन अशी माणसे वडिलांच्या परिचयातील होती. अचूक मोजमाप हाच विज्ञानाचा प्राण, हा संस्कार मुलाला घरातच मिळाला.

ऑटो यांनी १९०६ साली बर्लिन येथे एमिल फिशर यांच्या हाताखाली रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली आणि १९११ साली हायडेलबर्ग येथे वैद्यकातील. रसायन आणि वैद्यक या दोन शाखांचा संगम त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसतो. या विद्यार्थिदशेतच ते इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात गेले. तेथे सी अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांवर त्यांनी प्रयोग केले. १९०८ साली त्यांनी दाखवून दिले की, फलन होताच अंड्याचा ऑक्सिजनचा वापर एकदम सुमारे सहापट होतो. ज्या पेशीला वाढावयाचे असते तिचा श्वास वाढतो, असा त्याचा सरळ अर्थ होता. मग सर्वांत बेबंदपणे वाढणारी जी कर्करोगाची पेशी, तिचा श्वास किती असेल? हा प्रश्न तेव्हाच त्यांच्या मनात रुजला. त्याचे उत्तर शोधण्यास मात्र पंधरा वर्षे जावी लागली.

मध्यंतरी पहिले महायुद्ध आले. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानाची जागा मिळाली असतानाही वॉरबर्ग घोडदळात दाखल झाले. आघाडीवर लढताना ते जखमी झाले, त्यांना शौर्याबद्दल आयर्न क्रॉस मिळाला. १९१८ साली युद्ध अखेरीस येत असताना आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्र लिहून परत येण्याची गळ घातली. अशा बुद्धिमत्तेचा युद्धात बळी जाणे हे विज्ञानाचे नुकसान ठरेल, असा त्या पत्राचा आशय होता. वॉरबर्ग डालेमला परतले. घोडेस्वारी आणि लष्करी शिस्त या दोन गोष्टी मात्र त्यांनी जन्मभर सांभाळल्या. ते अविवाहित राहिले. याकोब हाइस या सहचराने त्यांचे घर आणि संस्थेचा कारभार अखेरपर्यंत पाहिला. सकाळी घोड्यावरून रपेट, मग दिवसभर प्रयोगशाळा, हा क्रम वार्धक्यापर्यंत सुटला नाही.

दाबमापक आणि ऊतकांचे काप

श्वसन म्हणजे केवळ नाकाने हवा घेणे नव्हे. प्रत्येक जिवंत पेशी अन्नघटकांचे ऑक्सिजनच्या साहाय्याने मंद ज्वलन करते आणि त्यातून शक्ती मिळविते. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीचा श्वास मोजावयाचा कसा? वॉरबर्ग यांचे मोठेपण प्रथम या साधनांत आहे. बंद काचपात्राला जोडलेल्या, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीतील द्रवाची पातळी पाहून वायूच्या दाबातील सूक्ष्म फरक मोजण्याचे उपकरण त्यांनी सुधारून घेतले. वॉरबर्ग उपकरण या नावाने ते पुढे जगभरच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरले गेले.

दुसरी युक्ती ऊतकाच्या कापांची. इंद्रियाचा जाड तुकडा द्रवात ठेवला तर ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचत नाही आणि आतील पेशी गुदमरतात. तो वाटून घेतला तर पेशीच फुटतात. वॉरबर्ग यांनी वस्तऱ्याने अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप घेतले. त्यांत पेशी शाबूत राहत आणि ऑक्सिजनही सर्वांपर्यंत पोहोचे. १९२३ च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या कर्कगाठींचे असे काप आपल्या काचपात्रांत ठेवले.

अपेक्षा अशी होती की, अर्चिनच्या अंड्याप्रमाणे येथेही श्वसन वाढलेले दिसेल. तसे काही दिसले नाही. कर्कगाठीचा ऑक्सिजनचा वापर इतर ऊतकांहून अधिक नव्हता. वाढली होती ती निराळीच गोष्ट. त्या कापांना ग्लुकोज देताच ते विलक्षण वेगाने लॅक्टिक आम्ल तयार करू लागले. इतक्या वेगाने की, तासाभरात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे एक-दशांश एवढे आम्ल त्यांनी निर्माण करावे.

ऑक्सिजन असूनही

यात नवल काय, असे विद्यार्थ्याला वाटेल. जोराने धावल्यावर आपल्या स्नायूंतही लॅक्टिक आम्ल साचतेच. ऑक्सिजन अपुरा पडला की पेशी ग्लुकोजचे अर्धवट विघटन करून वेळ मारून नेते. यीस्टची पेशी अशाच वेळी मद्यार्क बनविते, आणि हवा मिळताच ही आंबण्याची क्रिया मंदावते, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते. हिशेबाच्या दृष्टीनेही ते रास्त आहे. ग्लुकोजच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन झाले तर पेशीला एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे तीसएक रेणू मिळतात; नुसते लॅक्टिक आम्लापर्यंत विघटन झाले तर अवघे दोन. ऑक्सिजन हाताशी असताना दोनावर समाधान मानणारी पेशी म्हणजे ऊस पिळून रस टाकून देणारा आणि चिपाडावर गुजराण करणारा शेतकरीच म्हणावयाचा.

वॉरबर्ग यांच्या कापांतील कर्कपेशी नेमके हेच करीत होत्या. भरपूर ऑक्सिजन पुरविला तरी त्यांचे लॅक्टिक आम्ल बनविणे थांबत नव्हते; थोडेसे कमी होई, एवढेच. काचपात्रात घडते ते जिवंत शरीरातही घडते काय, ही शंका रास्त होती. १९२५ साली अमेरिकेत कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने एका पंखात कर्कगाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त तपासले. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक आढळले. १९२७ साली वॉरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठींकडे जाणाऱ्या व गाठींतून येणाऱ्या रक्ताची अशीच तुलना प्रसिद्ध केली. गाठ जितके ग्लुकोज घेते त्यातील सुमारे दोन-तृतीयांश लॅक्टिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकते, असे त्यांना दिसले. निरीक्षण पक्के होते. १९७२ साली एफ्राइम रॅकर यांनी त्याला वॉरबर्ग परिणाम हे नाव दिले आणि आज ते पाठ्यपुस्तकांत रूढ झाले आहे.

वॉरबर्ग यांनी या निरीक्षणावरून जो निष्कर्ष काढला तो मात्र फार पुढे जाणारा होता. त्यांच्या मते पेशीचे श्वसनयंत्र कायमचे बिघडते. बिघडलेल्या पेशी बहुतेक मरतात. ज्या थोड्या वाचतात त्या आंबण्याच्या आदिम क्रियेवर जगू लागतात. आणि या अधोगतीतूनच त्या कर्कपेशी बनतात. कर्करोगाची कारणे वरवर कितीही असली तरी मूळ कारण हे एकच, असे त्यांनी ठरवून टाकले.

नोबेल कशासाठी?

कर्करोगावरील या कामामुळे नोबेल पारितोषिकाच्या विचारात वॉरबर्ग यांचे नाव १९२६ सालच्या पारितोषिकासाठी आले होते. ते मिळाले डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना; एका कृमीमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो, असा त्यांचा शोध होता. पुढे तो शोध टिकला नाही.

वॉरबर्ग यांना नोबेल मिळाले ते १९३१ साली, आणि ते कर्करोगासाठी नव्हे. पेशीतील श्वसनाचा एन्झाइम कोणत्या स्वरूपाचा आहे आणि तो कसे कार्य करतो, हे दाखविल्याबद्दल ते होते. ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी, कारण कर्करोगाचे मूळ कारण शोधल्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले, ही चुकीची माहिती आजही सर्रास पसरविली जाते.

तो शोध मोठा देखणा होता. हा एन्झाइम पेशीत इतक्या अल्प प्रमाणात असतो की तो वेगळा काढून तपासणे त्या काळी शक्यच नव्हते. वॉरबर्ग यांना माहीत होते की, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पेशींचे श्वसन रोखतो. त्यांना असे आढळले की, प्रकाश पडताच ही अडवणूक दूर होते आणि श्वसन पुन्हा सुरू होते. मग त्यांनी एकेका रंगाचा प्रकाश टाकून पाहिला. कोणत्या रंगाने अडवणूक किती सुटते याचा आलेख काढला आणि त्या आलेखावरून, एन्झाइमला हातही न लावता, तो हीमोग्लोबिनच्या नात्यातील लोहयुक्त पदार्थ असल्याचे ताडले. प्रकाशाच्या मोजमापाचे घरचे संस्कार येथे फळाला आले.

यानंतरच्या दशकातील त्यांचे कामही तितकेच मोलाचे आहे. पिवळ्या एन्झाइमचा शोध, निकोटिनामाइड हे जीवनसत्त्वाच्या वर्गातील द्रव्य पेशीत हायड्रोजनची ने-आण करते याचा उलगडा, आणि त्या द्रव्याचे हायड्रोजनयुक्त रूप ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते यावर आधारलेली एन्झाइम मोजण्याची पद्धती, हे सारे त्यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. आज गावोगावच्या तपासणी केंद्रांत यकृताच्या विकारासाठी एसजीओटी, एसजीपीटी या चाचण्या केल्या जातात, त्यांची प्रचलित पद्धत याच तत्त्वावर चालते. कावीळ झालेल्या मुलाचा अहवाल हातात घेणाऱ्या बापाला वॉरबर्ग हे नाव ठाऊक नसते. पण त्या कागदावरील आकड्यामागे त्यांची मेहनत असते.

राजवटीच्या छायेत

रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून डालेममध्ये वॉरबर्ग यांच्यासाठी पेशीक्रियाविज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिची इमारत त्यांच्या इच्छेनुसार प्रशियातील जुन्या जमीनदारी वाड्याच्या धर्तीवर बांधण्यात आली होती. संस्था सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९३३ साली हिटलर सत्तेवर आला.

पुढील काही वर्षांत जर्मन विज्ञानाची जी पांगापांग झाली ती सर्वश्रुत आहे. डालेममध्येच दुसऱ्या संस्थेचे प्रमुख असलेल्या फ्रिट्झ हाबर यांनी ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याच्या आज्ञेचा निषेध म्हणून राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी ते परदेशी मृत्यू पावले. वॉरबर्ग यांच्याकडे चार वर्षे काम केलेले हान्स क्रेब्स यांना फ्रायबुर्गच्या नोकरीतून काढण्यात आले. ते इंग्लंडला गेले आणि तेथे सायट्रिक आम्लाच्या चक्राचा शोध लावून १९५३ सालच्या नोबेलचे मानकरी झाले. ऑटो मायरहोफ यांनाही १९३८ साली देश सोडावा लागला.

वॉरबर्ग मात्र राहिले. नव्या कायद्यांच्या भाषेत ते अर्धे ज्यू ठरत होते. तरीही त्यांना हात लावला गेला नाही. १९४१ साली त्यांना पदावरून दूर करण्याचा हुकूम निघाला, पण थोड्याच आठवड्यांत तो वरच्या पातळीवरून फिरविण्यात आला आणि त्यांनी कर्करोगाचे संशोधन चालू ठेवावे असे ठरले. हिटलरच्या आईचा मृत्यू स्तनाच्या कर्करोगाने झाला होता आणि त्या राजवटीतील वरिष्ठांना या रोगाचे विशेष भय होते, म्हणून वॉरबर्ग वाचले, असा तर्क अनेकांनी केला आहे. १९४३ साली बर्लिनवरील बॉम्बवर्षावामुळे प्रयोगशाळा शहराच्या उत्तरेस लीबेनबर्ग येथील एका सरदारी मालमत्तेत हलविण्यात आली आणि तेथेही काम सुरू राहिले.

या काळातील त्यांच्या वर्तनाचा न्याय कसा करावा? ते नाझी पक्षाचे नव्हते आणि त्या राजवटीचे गोडवेही त्यांनी गायिले नाहीत. प्रयोगशाळा सोडली तर आपले आयुष्यच संपेल, अशी त्यांची धारणा होती. परंतु लक्षावधी लोक मारले जात असताना, त्याच सत्तेने दिलेल्या अभयाच्या छत्राखाली ते दाबमापकाच्या नळ्या पाहत होते, हेही नाकारता येत नाही. हाबर यांनी पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे काम केले होते. त्यांचे चारित्र्यही निष्कलंक नव्हते. तरी निर्णयाच्या क्षणी त्यांनी खुर्ची सोडली. वॉरबर्ग यांनी ती सोडली नाही. विज्ञानावरील निष्ठा ही मोठी गोष्ट खरी, पण ती इतर सर्व कर्तव्यांतून माणसाला सूट देते काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्राने कायम मागे ठेवला आहे.

वार्धक्यातील हट्ट

१९४५ साली सोव्हिएत सैन्याने त्यांच्या प्रयोगशाळेतील साहित्य उचलून नेले. डालेमची इमारत अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होती. १९४८-४९ मध्ये वॉरबर्ग अमेरिकेत गेले. तेथे रॉबर्ट इमर्सन या एकेकाळच्या शिष्याशी त्यांचा प्रकाशसंश्लेषणाविषयी वाद झाला. ऑक्सिजनचा एक रेणू निर्माण करण्यास वनस्पतीला प्रकाशाचे किती पुंज लागतात, हा वादाचा विषय. वॉरबर्ग चार किंवा त्याहून कमी म्हणत. इमर्सन यांचे प्रयोग आठ किंवा अधिक दाखवीत. इमर्सन बरोबर होते. वॉरबर्ग यांनी अखेरपर्यंत ते मान्य केले नाही.

१९५० साली डालेमची संस्था पुन्हा सुरू झाली आणि पुढे ती माक्स प्लांक संस्थेच्या कुटुंबात सामील झाली. वॉरबर्ग सत्तरीकडे झुकले होते. १९५६ साली त्यांनी अमेरिकेतील एका प्रतिष्ठित साप्ताहिकात कर्कपेशींच्या उगमाविषयी लेख लिहून आपला जुना सिद्धांत अधिकच आग्रहाने मांडला. त्याच वर्षी सिडनी वाइनहाउस यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. त्यांचा मुद्दा साधा होता : अनेक कर्कपेशींचे श्वसन बिघडलेले नसतेच. त्या ऑक्सिजन उत्तम प्रकारे वापरतात आणि त्याबरोबरच लॅक्टिक आम्लही बनवितात. वास्तविक वॉरबर्ग यांच्या १९२० नंतरच्या तक्त्यांतही कर्कगाठींचे श्वसन शून्य नव्हते. शिवाय निरोगी उंदराच्या डोळ्यातील दृष्टिपटलही ऑक्सिजन असताना भरपूर लॅक्टिक आम्ल बनविते, हे त्यांच्याच प्रयोगशाळेने नोंदविले होते. आपल्याच वहीतील आकड्यांनी घातलेली शंका त्यांनी पुरती ऐकून घेतली नाही.

वाढत्या वयाबरोबर हा हट्ट वाढत गेला. कर्करोगाच्या भीतीने ते स्वतःच्या बागेत रासायनिक खतांविना पिकविलेला भाजीपाला आणि घरी भाजलेली भाकरी खात. १९६६ साली लिंडाउ येथे नोबेलविजेत्यांच्या मेळाव्यात त्यांनी पुन्हा एकदा श्वसनाचा बिघाड हेच कर्करोगाचे एकमेव मूळ असल्याचे प्रतिपादन केले. १९६८ साली शिडीवरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि १ ऑगस्ट १९७० रोजी, ८६ व्या वर्षी, फुप्फुसातील रक्तवाहिनीत गाठ अडकून त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ते संस्थेच्या प्रमुखपदी होते. डालेममधील त्यांच्या जुन्या इमारतीत पुढे माक्स प्लांक संस्थेचे अभिलेखागार आले.

पेशीला हवे असते ते काय?

वॉरबर्ग यांच्या मृत्यूनंतर संशोधनाचा ओघ जनुकांकडे वळला. पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांतील बिघाड हे कर्करोगाचे मूळ, हे १९७६ पासूनच्या संशोधनाने प्रस्थापित होत गेले आणि चयापचयाचा विषय काहीसा अडगळीत पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दोन्ही वाटा एकत्र आल्या. १९९७ साली असे दिसून आले की, मिक नावाचे कर्कजनुक लॅक्टिक आम्ल बनविणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाला थेट चालना देते. ऑक्सिजन कमी पडल्यावर जागे होणारे एक नियामक प्रथिन पुष्कळ गाठींत ग्लुकोजच्या विघटनाची सारी यंत्रणा वाढवून ठेवते, असेही आढळले. म्हणजे श्वसन मोडले म्हणून पेशी आंबण्याकडे वळली, असे बहुधा नसते. वाढीची आज्ञा देणारी बिघडलेली जनुकेच पेशीचे स्वयंपाकघर बदलून टाकतात.

पण हा बदल पेशीला परवडतो कसा? तीसऐवजी दोन रेणूंवर तिचे भागते कसे? याचे उत्तर असे की, वाढणाऱ्या पेशीची मुख्य निकड केवळ शक्तीची नसते. एका पेशीच्या दोन व्हावयाच्या तर आवरणासाठी स्निग्ध पदार्थ, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले आणि डीएनएसाठी न्यूक्लिओटाइडे दुप्पट लागतात. ग्लुकोज जाळून टाकले तर त्यातील सारा कार्बन वायू होऊन निघून जातो. घर बांधावयास काही उरत नाही. विघटनाच्या वाटेवर मात्र ठिकठिकाणी फाटे फुटतात आणि तेथून हे बांधकामाचे साहित्य काढून घेता येते. लॅक्टिक आम्ल बनविण्याचा फायदा असा की, त्या क्रियेत वॉरबर्ग यांनीच ओळखलेले हायड्रोजनवाहक द्रव्य मोकळे होते आणि विघटनाचे चक्र अडखळत नाही. श्वसनही चालूच राहते आणि ग्लुटामीनसारखी इतर द्रव्ये त्याला इंधन व साहित्य पुरवितात. ज्याला बंगला बांधावयाचा आहे तो घरातले सारे लाकूड चुलीत घालीत नाही, त्यातील काही वासे आणि तुळया करण्यासाठी राखून ठेवतो. कर्कपेशीचा व्यवहार तसाच आहे. आणि हा व्यवहार तिचाच एकटीचा नाही. जंतूंशी लढण्यासाठी झपाट्याने वाढणाऱ्या आपल्या रोगप्रतिकारक पेशीही हेच करतात. म्हणूनच पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही उजळू शकते, आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात केवळ उजळलेल्या ठिपक्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. गाठीचा तुकडा तपासावाच लागतो.

वॉरबर्ग सर्वस्वी चुकले होते, असेही म्हणता येत नाही. काही विरळ कर्करोगांत श्वसनाच्या यंत्रणेतील एन्झाइमच खरोखर सदोष असतो, हे २००० नंतर सिद्ध झाले. मेंदूच्या व रक्ताच्या काही कर्करोगांत आयडीएच या एन्झाइममधील बदलामुळे एक अपायकारक द्रव्य साचते, आणि त्याला रोखणारी औषधे अमेरिकेत २०१७ पासून मान्य झाली आहेत. चयापचयावर घाव घालून कर्करोग हटविण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्तकर्करोगावर ॲमिनोप्टेरिनचे परिणाम प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिच्या संशोधनाचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. डीएनएचे साहित्य बनविण्याची वाट अडविणे, हे त्या औषधाचे तत्त्व. त्याच्या कुळातील मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे.

नावाचा बाजार

आता त्या जाहिरातींकडे वळणे प्राप्त आहे. कर्कपेशी साखर खातात, म्हणून साखर सोडली की त्या उपाशी मरतील, हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. परंतु माणसाने साखरेचा कण न खाल्ला तरी यकृत रक्तातील ग्लुकोजची पातळी राखतेच, नाही तर मेंदू तासाभरातच थकला असता. आणि ग्लुकोज कमी झाले तरी कर्कपेशीला इतर इंधने घेता येतात. अल्कधर्मी पाण्याची गोष्ट याहून पोकळ. रक्ताची आम्लता फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अत्यंत अरुंद मर्यादेत सांभाळतात. घोटभर पाण्याने ती बदलत नाही. गाठीभोवतीची आम्लता हा गाठीच्या चयापचयाचा परिणाम आहे, रोगाचे कारण नव्हे. मिताहार, वजनावर ताबा, तंबाखूचा त्याग या गोष्टी हितकारक आहेतच, पण त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. अशा विक्रेत्यांच्या नादी लागून रुग्णाचे जे महिने वाया जातात ते परत मिळत नाहीत. शल्यक्रियेने सहज निघणारी गाठ त्या महिन्यांत हाताबाहेर जाते, आणि आधीच कर्ज काढलेले कुटुंब औषधाच्या नावाखाली पाण्याच्या बाटल्या विकत घेत राहते.

या फसवणुकीला नोबेल पारितोषिकाच्या वलयाचा आधार मिळतो, ही यातील खेदाची गोष्ट. त्याला काही अंशी वॉरबर्ग स्वतःही जबाबदार आहेत. आपल्या मोजमापांवर त्यांचा जेवढा विश्वास होता, तेवढाच आपल्या तर्कावरही होता. दोहोंत फरक करण्याचे त्यांनी नाकारले. त्यांच्या दाबमापकाने दिलेले आकडे शंभर वर्षे टिकले आणि प्रत्येक पेट स्कॅनमध्ये ते नव्याने खरे ठरतात. त्या आकड्यांचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र त्यांच्या हयातीतच डळमळीत झाला होता. शाळा-महाविद्यालयांत विज्ञान शिकविताना शोधांच्या आणि पारितोषिकांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात. त्याऐवजी वॉरबर्ग यांचा तक्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे त्यांनाच विचारावे. तो विद्यार्थी उद्या घरातील कोणी आजारी पडल्यास नोबेलविजेत्याच्या नावाने आलेली बाटली हातात घेईल, तेव्हा हाच प्रश्न विचारील. आणि मग रुग्णाला घेऊन रुग्णालयाची वाट धरील.